मुसलमान नसताना इस्लामचा अभ्यास: कोकणातल्या विद्यार्थ्यासाठी

अल-मसऊदी हा बगदादचा लेखक-प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास चौलला आला होता. अरब खलाशी त्या बंदराला सैमूर म्हणत. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांतले काही सिराफ, बसरा, बगदादहून आलेले आणि काही इथेच जन्मलेले, आणि त्यांचे तंटे मिटवायला त्यांच्यातलाच एक जण प्रमुख म्हणून नेमलेला असतो, असं तो नोंदवतो. पुढे दहाएक वर्षांतच, शके ८४८ (इ.स. ९२६) चा चिंचणीचा ताम्रपट सांगतो की राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार मुहंमद नावाचा अरब अधिकारी पाहत होता. संस्कृत लेखात त्याचं नाव मधुमती असं झालं आहे, आणि तो लेख आहे देवीच्या मठिकेला (छोट्या मठाला) दिलेल्या दानाचा.

कोकणातल्या विद्यार्थ्याने अभ्यासाला इथून सुरुवात करावी असं आम्ही सुचवतो, कारण या दोन नोंदी काय सांगतात याइतकंच काय सांगत नाहीत हेही स्पष्ट आहे. चौलात मुसलमान होते, त्यांना आपला प्रमुख होता, संजाणला एक अरब अधिकारी होता. दहा हजार हा प्रवाशाचा गोळाबेरीज आकडा आहे, शिरगणती नाही. ही माणसं नमाज कशी पढत, कुठल्या पंथाची होती, यावर दोन्ही साधनं गप्प आहेत. साधन जितकं बोलतं तितकंच लिहायचं ही शिस्त अंगी बाणली की पुढचं बरंच सोपं जातं.

वहीत न लिहायचं वाक्य

'इस्लाममध्ये असं आहे' किंवा 'इस्लाममध्ये असं नाही' हे वाक्य वहीत लिहू नका. त्या जागी कोण म्हणतं, कधी, कुठे आणि कशाच्या आधारावर, हे चार रकाने भरा. 'इस्लाममध्ये दर्ग्याला मान नाही' हे वाक्य या चाळणीतून काढलं तर असं होतं: 'अमुक गावातल्या अहले-हदीस विचाराच्या शिक्षकाने, २०२४ मध्ये, अमुक हदीसचा आधार देऊन, दर्ग्यावर चादर चढवणं अमान्य असल्याचं सांगितलं, त्याच वाडीतल्या बरेलवी विचाराच्या कुटुंबाने ते अमान्य केलं.' (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद; अहले-हदीस आणि बरेलवी हे सुन्नींतले दोन विचारप्रवाह.) वाक्य लांबलं खरं, पण आता ते तपासता येतं.

मुसलमान नसलेला अभ्यासक इथेच सर्वांत जास्त घसरतो. थोडं वाचन झालं की तो मुफ्तीच्या, म्हणजे धर्मनिर्णय देणाऱ्याच्या, गादीवर बसतो: हे खरं इस्लामी, ते हिंदू प्रभावाचं, ते अरबी कर्मठपणाचं. असा निवाडा देण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही, आणि अभ्यासाला त्या निवाड्याची गरजही नाही. उलट टोकाची घसरणही तितकीच नेहमीची. उरुसात हिंदू दिसले, मोहरमच्या पंजांपुढे गावच्या मानकऱ्याने नारळ ठेवला, की 'समन्वय' हा शिक्का मारून लेख संपतो. मान कोणाचा, खर्च कोण करतं, संदल (दर्ग्यावर वाहायच्या चंदनाची मिरवणूक) कोणाच्या घरातून निघतो, देवस्थानाच्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे विचारलं तर त्याच प्रसंगात गावाची सगळी घडण दिसते. माहीमला मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) यांच्या दर्ग्यावर मेळ्याच्या वेळी पहिल्या संदलाचा मान पोलिसांचा असतो. त्याला नुसतं 'सलोखा' म्हणून सोडून दिलं तर त्यातला सत्तेचा आणि शहराचा इतिहास हातचा जातो.

कुराण कसं वाचावं

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचायला घेऊ नका. कुराणात ११४ सूरा (अध्याय) आहेत आणि पहिली छोटी सूरा सोडली तर त्या साधारण मोठीकडून छोटीकडे लावलेल्या आहेत, काळाच्या क्रमाने नाहीत. दुसरीच सूरा २८६ आयतींची (वचनांची). सरळ वाचणारा बहुधा तिथेच, मृत्युपत्र, तलाक आणि कर्जाच्या नियमांत अडकतो आणि पुस्तक मिटतो. त्याऐवजी शेवटच्या, तिसाव्या भागातल्या छोट्या सूरा आधी घ्या. त्यांतल्या बहुतेक मक्केच्या काळातल्या मानल्या जातात. मग १२ वी सूरा, १११ आयतींची, जिच्यात यूसुफची एकच कथा सलग येते. त्यानंतर १९ वी. या वाचनाचा कान तयार झाला की मग २ री आणि ४ थी, म्हणजे मदिनेतल्या समाजाचे कायदे. रोज तासभर दिला तर तीन महिन्यांत एक वाचन निवांत होतं.

एकाच अनुवादावर विसंबू नका. मराठी, उर्दू किंवा हिंदी आणि इंग्रजी असे किमान तीन समोर ठेवा आणि ४:३४ (चौथ्या सूरेतली ३४ वी) ही आयत उघडून पाहा. पतीपत्नीच्या तंट्याविषयीच्या या एका आयतीत प्रत्येक अनुवादकाने कंस कुठे टाकला आणि कुठला शब्द सौम्य केला, यावरून त्याची भूमिका कळते. कंसातला मजकूर मूळ पाठात नसतो; तो उतरवून घेताना कंसासकट उतरवा.

जुन्या युरोपीय पुस्तकांतला आयत क्रमांक आजच्या प्रतीत सापडला नाही तर गोंधळू नका. ती पुस्तकं फ्ल्यूगेल याने १८३४ मध्ये छापलेल्या आवृत्तीचे क्रमांक वापरतात. आज सर्वत्र चालतात ते १९२४ च्या कैरो आवृत्तीचे. फरक थोडक्या आयतींचा असतो, म्हणून दिलेल्या क्रमांकाच्या मागेपुढे पाहा आणि वहीत कैरोचाच क्रमांक लिहा.

गागोद्याचे विनोबा आणि पालगडचे साने गुरुजी, दोघेही कोकणात जन्मलेले, दोघांनीही इस्लामवर आत्मीयतेने लिहिलं. विनोबा तर त्यासाठी अरबी शिकले. मराठी वाचकाला ही लेखनं जवळची वाटतात आणि वाचावीतही. पण विनोबांनी कुराणातली वचनं विषयवार निवडून लावली आहेत, त्यामुळे आयतीचा मागचापुढचा संदर्भ तिथे मिळत नाही. तिथून उद्धृत करायचं असेल तर आयत मूळ जागी जाऊन पाहा. धर्मप्रसाराच्या पुस्तिका आणि धर्मखंडनाच्या पुस्तिका या दोन्हींबाबत नियम सोपा आहे: त्या लिहिणाऱ्याविषयीचा पुरावा म्हणून वापरा, इस्लामविषयीचा पुरावा म्हणून नको.

हदीस आणि तारखांचा वाद

हदीसचे दोन भाग असतात: सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी, आणि मतन, म्हणजे मजकूर. मोबाइलवर सापडलेली हदीस सनदेशिवाय वहीत घेऊ नका. संग्रहाचं नाव, प्रकरणाचं नाव आणि क्रमांक असे तिन्ही लिहा, कारण एकाच संग्रहाच्या निरनिराळ्या छापील आवृत्त्यांत क्रमांक बदलतात. प्रकरणाचं नाव सहसा बदलत नाही.

पैगंबरांचा मृत्यू ६३२ चा आणि प्रसिद्ध हदीस-संग्राहक बुखारींचा ८७० चा. या मधल्या काळाविषयी अभ्यासकांत शंभरहून अधिक वर्षं वाद चालू आहे. गोल्डझिहर आणि नंतर शाख्त यांनी बऱ्याच हदीस पुढच्या पिढ्यांच्या वादांतून आल्याचं मांडलं. मोट्झकी यांनी सनद आणि मतन एकत्र तपासून काही परंपरा त्यांच्या अंदाजापेक्षा जुन्या असल्याचं दाखवलं. नवख्या माणसाने कुठल्याही एका बाजूची छावणी पकडू नये. आणि 'विज्ञानाने सिद्ध झालं' हा शब्दप्रयोग तर टाळाच. बर्मिंगहॅमच्या कुराणपानांचं कार्बनमापन इ.स. ५६८ ते ६४५ दाखवतं, पण ते ज्या कातड्यावर लिहिलं त्या कातड्याचं वय आहे, शाईचं नाही.

भाषा कोणती आधी

मूळ ग्रंथांवर काम करायचं तर अरबीला पर्याय नाही, आणि अरबीला नेटाने दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. पण विषय कोकणातला समाज असेल तर आधी उर्दू लिपी घ्या. मदरशांची पुस्तकं, जमातीची जुनी इतिवृत्तं, लग्नपत्रिका, कबरीवरचे अलीकडचे लेख बहुतेक उर्दूत असतात. हिंदी समजणाऱ्याला तीन-चार महिन्यांत छापील उर्दू वाचता येते. मोडीही हवी, हे मात्र कोणी सांगत नाही. काझी, खतीब (मशिदीत प्रवचन देणारा) यांच्या इनामांचे कागद मोडीत आहेत, आणि आदिलशाही फर्मानांत कित्येकदा वर फारसी आणि खाली मोडी मराठी असा दुहेरी मजकूर असतो. फारसी येत नसली तरी खालच्या अर्ध्यावरून काम सुरू होतं. शिकण्यासाठी मुंबई विद्यापीठात अरबी, फारसी आणि उर्दूचे विभाग आहेत. साधनांसाठी मुंबईत एशियाटिक सोसायटी, कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आणि अंजुमन-ए-इस्लामचं करीमी ग्रंथालय, पुण्यात पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ.

शाफई किनारा

हनफी आणि शाफई या सुन्नी धर्मकायद्याच्या दोन परंपरा. भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत, कोकणी मुसलमान मात्र शाफई. उत्तरेत लिहिलेली 'मुसलमानांचे रीतिरिवाज' छापाची पुस्तकं वाचून इथल्या गावात गेलेला माणूस म्हणूनच फसतो. शाफई परंपरा ही समुद्राची वाट आहे: अरबस्तानचा दक्षिण किनारा, कोकण, भटकळ, मलबार, इंडोनेशिया. दमास्कसच्या अन-नववींचा (मृत्यू १२७७) 'मिनहाज' हा कायद्याचा ग्रंथ या पट्ट्यात शतकानुशतकं शिकवला गेला.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाची वेळ बघा. शाफई मतानुसार, माध्यान्हीची मूळ सावली वगळून, वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की असर सुरू. प्रचलित हनफी मतानुसार ती दुप्पट झाल्यावर. कोकणात हा फरक तासाभराच्या आसपास पडतो. फजरच्या (पहाटेच्या) नमाजात उभं राहून कुनूतची दुआ होते का, रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलतात का, हेही पाहण्याजोगं. पण मशिदीचा इमाम उत्तरेतून आलेला हनफी असू शकतो, एकाच गावात शाफई जमात आणि तबलीगी (धर्माचरणाचा प्रचार करणाऱ्या चळवळीच्या) वळणाची तरुण मंडळी असू शकतात, दाऊदी बोहऱ्यांची वेगळी मशीद असू शकते. एका नमाजावरून गावाचा पंथ ठरवू नका.

मासळीचं उदाहरण तर या किनाऱ्यासाठीच घडवल्यासारखं आहे. हनफी कायद्यात समुद्रातलं खाणं म्हणजे फक्त मासा. मग कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी उलेमांतच वाद. तिसऱ्या, कालवं त्यांच्या लेखी बाद. शाफई कायदा समुद्रातले जवळपास सगळे जीव चालवून घेतो, पण जमीन आणि पाणी दोन्हीकडे राहणाऱ्यांबाबत हात आखडतो, त्यामुळे कुर्ल्यांवर शाफई ग्रंथांतही एकमत नाही. आता एखाद्या घरी कुर्ल्यांचं कालवण शिजत असेल तर ग्रंथ दाखवून त्यांना चुकीचं ठरवू नका. कोणाला विचारून ठरवलं, की कधी प्रश्नच पडला नाही, ते विचारा. दोन्ही उत्तरं कामाची.

तारखा जुळवताना

हिजरी वर्ष चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. अंदाजासाठी हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १०७० चं उदाहरण: १०३७.९ + ६२२ = १६५९.९, म्हणजे हे वर्ष १६५९ मध्ये सुरू होऊन १६६० मध्ये संपलं. महिना माहीत नसेल तर नेहमी जोडवर्ष लिहा, १६५९-६०. एकच साल लिहिलं की पुढचा लेखक त्यालाच खरं धरतो. दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे जुन्या कागदातली 'शुक्रवारची रात्र' आपल्या गुरुवारची असते. चंद्रदर्शनावरून एका दिवसाचा फरक पडतो, म्हणून वार दिला असेल तर तारखेपेक्षा वारावर जास्त भरवसा ठेवा.

मराठी कागदांत हिजरीपेक्षा सुहूर सन जास्त भेटतो आणि तोच जास्त चकवतो. तो मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा नाहीतर नकळत एक वर्ष वाढतं. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. आकडे अरबी शब्दांत असतात, एककापासून वर चढत: 'तिसा सबैन मया व अलफ' म्हणजे ९, ७०, १००, १०००, मिळून ११७९, म्हणजे १७७८-७९. सबा म्हणजे ७ आणि सबैन म्हणजे ७०, सलास ३ आणि सलासीन ३०, तिसा ९ आणि तिसैन ९०; घाईच्या मोडीत यांची शेपटी गळते आणि २७ ते ८१ वर्षांची चूक होते. वर्ष सौर असलं तरी त्यातले महिने आणि चंद्र (महिन्यातल्या तारखा) हिजरीचे असतात, म्हणून एखादी चांद्र तारीख एकाच सुहूर सनात मृगाजवळ दोनदा येऊ शकते. अशा वेळी पत्रातला पाऊस, पेरणी, होळी असले उल्लेख उपयोगी पडतात. उरुसांचंही असंच: हिजरीवर चालणारा उरूस दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो, माहीमचा मेळा मात्र डिसेंबरच्या सुमारासच राहतो. गावातला उरूस कशावर चालतो हे आधी विचारा, मग रजा काढा.

मशिदीतला शिलालेख

जांभ्यावर बारीक अक्षर टिकत नाही. लेख बहुधा काळ्या दगडाच्या वेगळ्या फळीवर कोरून भिंतीत बसवलेला असतो, आणि फळी हलवता येते. त्यामुळे लेखाचं साल म्हणजे इमारतीचं साल असं परस्पर धरू नका. फळीभोवतीचा चुना आणि भिंतीचा चुना एकच दिसतो का, हे पाहा.

आधी पूर्ण भिंतीचा फोटो, मग मोजपट्टी लावून फळीचा, मग ओळीओळीने. समोरून फ्लॅश मारला तर अक्षर सपाट होतं. बाजूने, जवळजवळ दगडाला समांतर बॅटरी धरली की उठाव दिसतो. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि जमिनीपासूनची उंची नोंदवा. खडू, कोळसा, पीठ, तेल काहीही चोळू नका; चुन्याचे थर खरवडू नका. पावसाळ्यात शेवाळ असतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

साल बहुतेक शेवटच्या ओळीत. अरबी पाच हा देवनागरी शून्यासारखा गोल आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. मराठी डोळा इथे हमखास चुकतो. सात खाली टोकाचा, आठ वर टोकाचा. आकडा नसेल तर शेवटच्या वाक्यात अब्जद दडलेलं असू शकतं: प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, बेरीज म्हणजे हिजरी साल. 'बिस्मिल्ला'च्या पूर्ण वाक्याचे ७८६ होतात ते याच हिशेबाने. 'खैर' या शब्दाचे खे ६००, ये १०, रे २००, मिळून ८१०, म्हणजे १४०७-०८. फारसीतले पे, चे, गाफ यांना अनुक्रमे बे, जीम, काफ यांचीच किंमत धरतात. बेरीज विचित्र आली तर मोजायचा शब्द चुकला आहे असं समजा. कवी बहुधा 'तारीख' म्हणून इशारा देतो, त्यानंतरचेच शब्द मोजायचे.

माणसांत जाताना

परवानगी इमामाकडे मागू नका, तो पगारी असतो. जमातीचे अध्यक्ष किंवा मुतवल्ली (मशिदीचे विश्वस्त) यांना भेटा, महाविद्यालयाचं पत्र मराठीत द्या. जुहरनंतर (दुपारच्या नमाजानंतर) असरच्या आधीचा वेळ मोकळा असतो. शुक्रवारची दुपार टाळा. रमजानात चार वाजता मुलाखत मागू नका, शेवटच्या दहा दिवसांत तर नकोच. आखाती देशांत नोकरीला असलेले गावकरी मे महिन्यात किंवा ईदेला घरी असतात. स्थलांतराविषयी विचारायचं तर तेव्हा. स्त्रियांशी बोलायला स्त्री सहकारी असावी, नाहीतर अर्धं गाव अभ्यासातून वगळलं जातं.

पादत्राणं बाहेर, फोन बंद, हौदात पाय नाही, नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाणं नाही. मागे भिंतीला टेकून बसा. नमाजाच्या रांगेत उभं राहून नमाजाचं नाटक करू नका. कुराणाची अरबी प्रत हवी असेल तर स्वतः उचलू नका, मागा. जमिनीवर ठेवू नका, तिच्यावर दुसरं पुस्तक ठेवू नका. संदर्भ पाहायला फोनवरचा अनुवाद बरा.

'तुम्ही मुसलमान होणार का?' हा प्रश्न येईलच. 'नाही काका, मी शिकायला आलोय' इतकं सरळ उत्तर पुरतं. गोलमाल उत्तराने आशा लागते आणि नंतर विश्वास जातो. तुमचं मत विचारलं तर इतरांचं काय म्हणणं आहे ते सांगा.

जिल्ह्याचं ब्रिटिशकालीन माहितीपुस्तक, म्हणजे गॅझेटियर, सोबत न्या, रत्नागिरीचं १८८० चं, कुलाबा-जंजिऱ्याचं १८८३ चं. बंदरं, व्यापार, देवस्थानं यांसाठी ती उत्तम. पण दालदी (कोकणातले मुसलमान मच्छीमार), सिद्दी यांच्या 'स्वभावा'विषयीची वाक्यं ही ब्रिटिश कचेरीची नजर आहे, ती तशीच उतरवू नका.

मसुदा झाला की मराठी प्रत जमातीला वाचायला द्या आणि दोन आठवडे थांबा. नावं, नाती, तारखा, जागा यांच्या दुरुस्त्या लगेच करा. अर्थाबद्दल तक्रार आली तर आपला अर्थ पुसू नका, तक्रार करणाऱ्याचं म्हणणं त्याच पानावर त्याच्या शब्दांत द्या. घरगुती वाद, जमिनीचे तंटे, कोण कुठल्या गटाचा, हे नावानिशी छापू नका; गाव लहान असेल तर नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, तेव्हा तो तपशीलच वगळा.